सातवर फिरवा

“कोऱ्या कागदावर शिक्का मारून देऊ नको, बेटा. आपलं नाव कुठं कुठं फिरतंय ते मग आपल्याला बी कळत न्हाई.”

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सासरे असं म्हणाले तेव्हा अस्मा हसली होती. आठवा महिना चालू होता, पाय सुजले होते. समोर कॉम्प्युटर आणि शेजारी दुकानाच्या लेटरहेडचा गठ्ठा. सासरे, कासम, दुकानाच्या दारातच गाड्यावर मोसंबी रचत होते. आयुष्यभर त्यांनी सहीच्या जागी अंगठा लावला, पण लावायच्या आधी कागद दोघा-तिघांकडून वाचून घेतला. अस्मा बी.कॉम. झालेली. तिला वाटलं, ही न शिकलेल्या माणसाची भीती आहे. अब्बा, नुसतं कोटेशन आहे, सगळेच देतात, असं म्हणून तिनं शिक्का पॅडवर दाबला आणि तीन कोऱ्या कागदांवर उमटवला. एकावर मजकूर टाईप केला, एक चुकलाच तर असावा म्हणून सोबत दिला, आणि तिसरा ड्रॉवरमध्ये टाकला.

सगळेच देतात, हे खोटं नव्हतं. सरकारी दवाखान्याचं काही काम निघालं की किमान तीन जणांनी दर भरले पाहिजेत, ज्याचा दर कमी त्याला काम, असा नियम. नियमात काही वाईट नाही. पण ज्याला काम हवं असतं तोच बाकीच्या दोघांचे कागद गोळा करून आणतो. त्या दोघांनी आपला दर मुद्दाम चढा लावायचा असतो. चौसाळ्याच्या बाजारात ह्याला ‘सपोर्ट देणं’ म्हणतात, आणि शेजाऱ्याला लग्नासाठी पातेली द्यावीत तितक्या सहज लोक तो देतात.

सपोर्ट मागायला आला होता विजयसिंह. गेवराईकडचा ठेकेदार, पांढरी गाडी, सदा हसरा. अस्माचा नवरा रईस फ्रिज-कूलर दुरुस्तीचा मिस्त्री, आणि विजयसिंहाच्या बंगल्यातले सगळे एसी त्याच्याकडेच. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. काम होतं आरोग्य केंद्रांतले लशींचे फ्रिज वर्षभर सांभाळायचं. कुठला दर टाकायचा तेही विजयसिंहानंच सांगितलं.

मार्चमध्ये लखोटे उघडले आणि भलतंच झालं. विजयसिंहाच्या फर्मच्या नोंदणीची तारीख उलटून गेली होती, त्याचाच लखोटा बाद झाला. उरलेल्या दोघांत रईसचा दर कमी. तीन आले, एक बाद, उरलेल्यांत स्वस्त कोण ते ठरलं. नियम अगदी तंतोतंत पाळला गेला, आणि ज्यानं आयुष्यात लशीचा फ्रिज उघडून पाहिला नव्हता त्या रईसच्या नावानं कामाचा आदेश निघाला.

अस्मा तेव्हा माहेरी होती, अरमान पाच दिवसांचा. रईसचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज उतरलेला होता. विजयसिंह म्हणतोय नाव तुमचं राहू द्या, काम आमचा माणूस करील; आता मागं सरलात तर सरकारच्या काळ्या यादीत जाल. काय करू? अस्माच्या मांडीवर लेकरू दूध पीत होतं. ती म्हणाली, करा सही, आपल्याला कुठं काय करायचंय.

मग मे आला. चौसाळ्यात पत्रे तापून तडतडत होते. रईस दिवसभर गाडीवर, कुणाचा कूलर, कुणाचं आइस्क्रीमचं फ्रीजर. दुकानाचा फोन अस्माकडे. ती चाळीस दिवस पुरे करून, लेकराचा पहिला डोस माहेरच्या केंद्रातच घेऊन परत आली होती. फोन करणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, फ्रिज गार करीना. तीही प्रत्येकाला एकच सांगायची: मागची चकती सातवर फिरवा, दोन तास दार उघडू नका, तोवर मिस्त्री येतात. बहुतेकांचं तेवढ्यानं भागायचं. दिवसातून वीसदा तरी ती हे बोलायची, अरमानला थोपटता थोपटता. कुणाचा फ्रिज, कसला फ्रिज, हे विचारायचं तिला सुचायचं नाही. आत काय, पाणी, दूध, टमाटे.

जूनमध्ये अरमानचा दुसरा डोस झाला. हजराबीनं, अस्माच्या आईनं, त्याला माहेरच्या त्याच केंद्रात नेऊन आणलं. अस्माला त्या दिवशी ताप होता.

तिसऱ्या डोसाला, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, अस्मा स्वतः गेली, हजराबी सोबत होती. माहेरच्या गावाचं केंद्र माळावर आहे, समोर बाभळी, मागे पाण्याची टाकी. रांगेत पाच-सहा बाया. वर्षाराणी सिस्टरनं अरमानचं कार्ड पाहिलं, त्याच्या गालाला बोट लावलं, आणि पेटीसारख्या त्या फ्रिजचं वरचं झाकण उचललं.

अस्माला सवय होती; फ्रिज दिसला की ती आधी आत बघायची. आतल्या भिंतीवर मिठासारखा पांढरा थर होता, बोटभर जाड. औषधांची टोपली त्याला टेकलेली. मग झाकण खाली आलं आणि त्यावरचा स्टिकर दिसला. ‘देखभाल: रईस रेफ्रिजरेशन, चौसाळा’, आणि खाली दहा आकडी नंबर. तिचा स्वतःचा.

तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, हा फ्रिज बघायला कोण येतं?

“कुणीच न्हाई येत, ताई. रजिस्टरला दर महिन्याला सही मात्र असती,” सिस्टर सुई काढता काढता म्हणाली. “मे महिन्यात बंद पडल्यावानी झालता, तवा मी ह्या नंबरवर फोन केलता. एक बाई लई चांगल्या बोलल्या. सातवर फिरवा म्हणल्या. तवापसून बघा कसा गारेगार हाय.”

अस्मानं अरमानची मांडी हातानं झाकली. आज सुई नको, म्हणाली.

“कावून?” हजराबी चिडली. “ताप येतो म्हणून? समद्यांच्याच लेकरांला येतो.”

पावसाळा लागला की चकती परत तीनवर आणा, नाहीतर भाजी गोठते, हे रईस गिऱ्हाइकांना सांगायचा ते अस्माला ऐकू येत होतं. तिनं सिस्टरला एवढंच विचारलं, औषध गोठलं तर काय होतं?

वर्षाराणी सिस्टर पंचविशीची, ठेंगणी, कंत्राटावर लागलेली. तिनं हातातली कुपी उजेडात धरून दाखवली. कुपीवर छोटा चौकोन असतो, औषधाला ऊन लागलं की तो काळा पडतो. हा पांढरा आहे, म्हणजे औषध चांगलं. बीडच्या उन्हाळ्यात सगळ्यांना धास्ती उन्हाचीच, त्यामुळे वरिष्ठही आले की चौकोन बघून जायचे. पण बोलता बोलता सिस्टरचा आवाज बारीक झाला. गारठ्यानं तो चौकोन बदलत नाही, हे तिला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. थर्मामीटर? तो मे अखेरीला फुटला होता. रजिस्टरात सकाळ-संध्याकाळ चार, चार, चार असं लिहिलेलं. नवा ठेकेदाराकडून येणार आहे, तोवर चार लिहीत जा, असं तिला वरून सांगितलं होतं.

“ताई, फोनवर मीच होते,” अस्मा म्हणाली.

सिस्टरनं तिच्याकडे पाहिलं. ओरडली नाही. रांगेतल्या बायांना आज औषध संपलंय, असं सांगून तिनं परत पाठवलं, दार लोटलं आणि म्हणाली, ह्याची एक तपासणी असती. एक कुपी रात्रभर मुद्दाम गोठवायची, सकाळी वितळवायची. मग ती आणि टोपलीतली एक, दोन्ही सारख्या हलवून शेजारी ठेवायच्या. चांगलं औषध पातळ दुधासारखं एकजीव राहतं. गोठून गेलेलं खाली बसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्मा रईसला घेऊन गेली. अरमानलाही घेतलं, त्याला कुणाकडे ठेवायचं धैर्य तिला झालं नाही. रस्त्यात एका घराच्या ओट्यावर एक पोरगं खोकत होतं, ढास लागल्यासारखं, आणि अस्मानं रईसला गाडी जोरात घ्यायला सांगितली. डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात: कार्डावरची ही नावं तिनं रात्रभर पाठ केल्यासारखी म्हटली होती.

सिस्टरनं दोन कुप्या घेतल्या. मुद्दाम गोठवलेल्या कुपीला लाल दोरा बांधला होता. दोन्ही एका मुठीत धरून हलवल्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर उजेडात ठेवल्या. दोन्ही पांढऱ्या, धुरकट. रईस हात मागे बांधून उभा होता, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. पंखा करकरत होता. बाहेर कुणीतरी हातपंपाला दांडा मारत होतं.

पाच मिनिटांनी लाल दोऱ्याच्या कुपीत वरचं पाणी नितळ व्हायला लागलं. तळाशी चुन्यासारखा गाळ. दुसरी अजून पांढरीच होती. अस्मानं श्वास सोडला. तिनं अरमानला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं, आणि पुन्हा पाहिलं तेव्हा दुसऱ्या कुपीच्या मानेपाशीही एक नितळ रेघ उमटली होती. ती रेघ खाली खाली सरकत गेली. पंधरा मिनिटांनी लाल दोरा नसता तर कोणती कुठली, ते ओळखता आलं नसतं.

दोन कुप्या आणखी तपासल्या. तेच.

सिस्टरनं लसीकरणाचं रजिस्टर उघडलं. मेमध्ये चकती फिरवली त्या दिवसापासून कालपर्यंत ह्या फ्रिजमधलं औषध टोचलेली एकसष्ट लेकरं. आईबापांना वाटतंय लेकराला डोस झाला. एकोणिसावं नाव अरमानचं.

पुन्हा टोचता येईल, त्यात धोका नाही, असं सिस्टर म्हणाली. पण त्यासाठी आधी कुणाला तरी सांगावं लागेल की पहिलं वाया गेलं. तिनं लाल पेन घेतलं आणि तापमानाच्या रकान्यात, ओळीनं लिहिलेल्या चारांच्या खाली, लिहिलं: ‘चार खरे नाही. थर्मामीटर नव्हता. औषध गोठलेले आढळले.’ खाली सही आणि तारीख. त्याच दिवशी तिनं तालुक्याला पत्र केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पांढरी गाडी दुकानापुढे थांबली. विजयसिंह एकटाच उतरला. कासमच्या गाड्यावरचं मोसंबं उचललं, नखानं सोलत आत आला, रईसच्या पाठीवर हात ठेवला. अस्मा लेकराला घेऊन आतल्या दारात उभी होती. आधी पावसाचं बोलणं झालं, मग एसीचं. मग तो तिच्याकडे वळला.

“भाबी, फोनवर तुमचाच आवाज होता म्हणं.” तो हसतच होता. “सातवर फिरवा. आता मला सांगा, ह्यात माझं नाव कुठं हाय? आदेश बघा, स्टिकर बघा, रजिस्टरातल्या सह्या बघा. समदीकडं रईसच हाय. मी तर बादच झालतो.” त्यानं फोड तोंडात टाकली. “लेकराची तब्येत बरी हाय ना? जपा त्याला.”

दारातून कासम म्हणाले, “फिकं निघालं का, दादा? वरून समदे सारखेच दिसत्यात.”

विजयसिंह मोठ्यानं हसला, आणि गेला. सालं काउंटरवर पडून होती. अस्मानं ती बराच वेळ उचलली नाहीत.

संध्याकाळी सिस्टरचा फोन आला. तालुक्यातून विचारणा झाली होती, चकती फिरवली कुणी, तुझ्या मनानं का? ती म्हणाली, ताई, मला तुमचा एक कागद पाहिजे. मेमध्ये फोन आलता, तुमी काय सांगितलं, आन् दुकानातून कधी कुणी फ्रिज बघायला आलं न्हाई, एवढं लिहून द्या. लेटरहेडवर, शिक्का मारून. न्हाईतर समदं माझ्यावर येतंय. आवाजात रडं नव्हतं, घाई होती, मागे कुणीतरी उभं असल्यासारखी.

अस्मा म्हणाली, उद्या देते.

रात्रीचं जेवण होईस्तोवर तिनं मनातल्या मनात तो कागद तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. रईसला धरून नेलं तर? त्या पांढऱ्या गाडीतला माणूस नुसतं हसून ‘जपा’ म्हणतो, तो रागावला तर काय म्हणेल? दुसऱ्या दिवशी सकाळी अरमान दोनदा खोकला. साधा खोकला, दूध ठसकल्याचा. पण अस्मानं त्याचं निमित्त केलं आणि गेली नाही. सिस्टरचे दोन फोन आले. तिनं ते वाजू दिले.

त्याच्या पुढच्या दिवशी ती गेली. कागद तरीही नेला नव्हता. आधी बघू, म्हणून गेली.

केंद्रात दुसरीच नर्स बसलेली. फ्रिज पुसून लख्ख, भिंतीवरचा बर्फाचा थर खरवडलेला, आत नवा थर्मामीटर. झाकणावरचा स्टिकर काढलेला, डिंकाचा चौकोन तेवढा राहिलेला. तापमानाचं रजिस्टर नवंकोरं, एक जुलैपासून भरलेलं, सगळे चार एकाच निळ्या शाईत. लाल अक्षरं कुठंच नव्हती. अस्मानं टोपलीतल्या कुप्यांचं विचारलं तर त्या बाई म्हणाल्या, औषध आहे की, बसा रांगेत. त्याच कुप्या की नव्या, ते त्यांना माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. रांगेत चार बाया होत्या. एकीचं लेकरू अरमानएवढंच.

वर्षाराणी सिस्टर? त्यांना धर्मापुरीकडे पाठवलंय, तात्पुरतं. आदेश? तोंडीच झाला. कधी गेल्या? काल दुपारी, एक गाडी आलती न्यायला. कसली गाडी, हे अस्मानं विचारलं नाही. विचारायची भीती वाटली, आणि त्या भीतीची लाजही वाटली.

फोन बंद. त्या दिवशी बंद, दुसऱ्या दिवशी बंद. धर्मापुरीच्या बाजूला रईसच्या ओळखीचा एक मिस्त्री होता, त्यानं विचारून सांगितलं की अशी कुणी नवी सिस्टर दवाखान्यात दिसली नाही, पण मी काय रोज तिकडं जात नाही. अकरा दिवस झाले. अस्मा रोज सकाळी अरमानच्या कपाळाला हात लावायची आणि मग तो नंबर लावून पाहायची. बंद आहे, हे सांगणारा आवाज तिला पाठ झाला. त्या बाईचा आवाजही लई चांगला होता.

बाराव्या दिवशी तिनं ड्रॉवर उघडला. फेब्रुवारीतला तिसरा कागद तिथंच होता, वर दुकानाचं नाव छापलेलं, खाली शिक्का, मध्ये सगळं कोरं. तिनं कॉम्प्युटर लावला नाही. हातानं लिहिलं.

रईस येऊन मागे उभा राहिला. वाचता वाचता त्याचा हात कागदावर पडला, जणू आता ओढून घेईल. अस्मानं पेन उचललं नाही, थांबली. मग त्यानं हात काढला. “वर माझं नाव छापलेलं हाय,” तो म्हणाला. “ते खोडू नको. पोलीस कुणाकडं यायचे ते माझ्याकडं येऊ दे.”

कासम दारातून आत आले. त्यांनी कागद वाचून दाखवायला सांगितलं. एकदा ऐकला, म्हणाले पुन्हा वाच. दुसऱ्यांदा ऐकून त्यांनी शाईचं पॅड स्वतःच ओढलं आणि शिक्क्याच्या शेजारी अंगठा लावला.

मग तिनं स्टँडवरच्या दुकानातून त्याच्या झेरॉक्स काढल्या. एक पोस्टानं जिल्ह्याला धाडली. बाकीच्या किराणा दुकानात, शाळेच्या फाटकापाशी, एसटीत, भेटेल त्या बाईच्या हातात. प्रत्येक कागद देताना ती आधी मागे वळून बघायची, पांढरी गाडी आहे का. कागदावर असं होतं:

‘मी अस्मा रईस, राहणार चौसाळा. माळावरच्या आरोग्य केंद्रातल्या फ्रिजची चकती सातवर फिरवा, असं मे महिन्यात फोनवर मी सांगितलं. तो लशीचा फ्रिज आहे हे मी विचारलं नाही. काम आमच्या नावावर होतं आणि आमच्यातलं कुणी कधी तिथं गेलं नव्हतं. त्यात औषध गोठलं. मे महिन्यापासून ज्यांच्या लेकरांना तिथं सुई दिली, त्यांनी कार्ड घेऊन दुसऱ्या केंद्रात जावं आणि डोस पुन्हा मागावा. माझं लेकरूही त्यात आहे. ह्यात सिस्टरची चूक नाही. खरं होतं ते तिनं लाल पेनानं लिहिलं. मी तिला कागद देते म्हणाले आणि इतके दिवस भ्याले.

हा कागद ज्यांच्या हातात पडेल, त्यांच्यापैकी कुणी परळीकडे, धर्मापुरीकडे जाणार असेल तर दवाखान्यात जाऊन वर्षाराणी सिस्टरला विचारा. ठेंगणी आहे, डाव्या हातात हिरव्या पट्ट्याचं घड्याळ घालते. भेटली तर म्हणावं, अस्मानं कागद दिला. नाही भेटली तर तिथून तसेच परत येऊ नका, शेजारपाजारी विचारा, आणि वरच्या नंबरवर मला सांगा. तेवढं बघून या. मी आता फोन नुसता वाजू देणार नाही.’